बारावी जीभ

५ मार्च, शुक्रवार

पंधरा किलो चारशे ग्रॅम. काट्यावर उभी राहायला वीस मिनिटं, आकडा कळायला अर्धा सेकंद. सहा वर्षं सात महिन्यांच्या मुलीचं हे वजन डॉक्टरांना पसंत नाही. मला तरी कुठे आहे! पण ते माझ्याकडे असे बघत होते, जणू कमी पडलेले किलो मी पर्समध्ये लपवून आणलेत.

"पाच आठवडे देतो," म्हणाले. "नऊ एप्रिलला पुन्हा वजन करू. पंधराच्या खाली गेली तर दाखल करावं लागेल. नाकातून नळी घालू." नळी हा शब्द हळू उच्चारला, लेकीला, म्हणजे आमच्या बाईसाहेबांना, कळू नये म्हणून. बाईसाहेब काट्याखाली वाकून त्याचे स्क्रू मोजत होत्या. जिला शर्टाच्या आतलं लेबल सहन होत नाही, तिच्या नाकात नळी. धरायला चार माणसं लागतील. त्या चौघांत मी स्वतःलाही मोजलं.

शेजारच्या खोलीतल्या आहारताईंनी ही वही दिली. मुखपृष्ठावर हसरं गाजर. "रोज काय खाल्लं ते लिहायचं हं, आई." माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील आणि मला आई म्हणतात. पुढची पानं त्यांची. मागून सुरू केलेली ही माझी.

त्यांची पानं भरायला वेळ लागत नाही. गार पांढरा भात, शितं मोकळी. पिवळ्या झाकणाच्या बाटलीतलं दूध. सोललेलं सफरचंद, लांब फोडी, डाग नको. एका ठरावीक पाकिटातले बटाट्याचे वेफर्स—मोडके परत. आणि मी जिथे काम करते त्या कारखान्याचं गोल, कातरलेल्या कडेचं बिस्कीट. रोज अकरा. दहा नाही, बारा नाही. ही पोरगी उभी आहे ती दुधावर आणि या अकरा बिस्किटांवर.

बाकी सगळ्या जगाला तिचं एकच उत्तर. "हे दुसरं." आणि ताटली लांब.

७ मार्च, रविवार

सल्ल्यांचा दिवस. सकाळी नणंदेचा फोन. "वहिनी, तुम्ही फार मागे लागता. दोन दिवस काही देऊच नका. भूक लागली की झक मारत खाईल." गेल्या वर्षी हाच प्रयोग करून झाला. बाईसाहेबांनी अडीच दिवस काही खाल्लं नाही, तिसऱ्या दिवशी सलाईन लावावं लागलं. नणंदबाई भेटायला आल्या तेव्हा केक घेऊन आल्या होत्या.

मग खालच्या मजल्यावरच्या काकू. "आमचा पण लहानपणी असाच, घासाघासाला रडवायचा. आता बघा." बघितलं. आता तो दारातून तिरका होऊन आत येतो.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचा ठाम समज आहे की जगात बिघाड असा नाहीच, फक्त योग्य स्क्रू सापडलेला नसतो. आज दोन तास बसून त्याने गाजराचे मासे कापले. सहा मासे, खवल्यांसकट! बाईसाहेबांना प्रचंड आवडले. त्यांनी ते उंचीप्रमाणे खिडकीत मांडले आणि कोणालाही हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत मासे सुकले. "निदान हातात तरी घेतलं," नवरा म्हणाला. लिफ्ट अडकली तरी तो लोकांना असाच धीर देत असणार.

सासूबाईंचा सल्ला जुनाच आहे—लाडावून ठेवलीस. त्यांच्या रागाला कारण आहे म्हणा. नको ते तोंडात गेलंच, तर बाईसाहेब ते बाहेर काढून सासूबाईंच्या सपातांत नेऊन ठेवतात. घरात चार जोड्या आहेत, पण ठेवायचं ते सासूबाईंच्याच. गेल्या महिन्यात उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग निघाला, तो पाय घातल्यावरच कळला.

९ मार्च, मंगळवार

सर्दी. नाक पार बंद, डोकं जड.

आणि नेमकी आज चाचणी! मी पोटासाठी बिस्किटं चाखते हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. तीन ताटल्या, त्यांवर तीन आकडी नंबर. दोन नमुने सारखे, एक वेगळा. लाल दिवा लावतात म्हणजे रंगावरून कळू नये. चावायचं, तोंडात घोळवायचं, वाटीत थुंकायचं, कोमट पाण्याने चूळ भरायची, कागदावर वेगळ्या नमुन्याच्या नंबराभोवती गोल काढायचा. बारा जणांच्या बारा जिभा. आठांनी बरोबर ओळखलं तर फरक आहे. सातच निघाले तर फरक नाही, आणि कारखाना पाहिजे तो बदल करायला मोकळा. चेहरा मात्र दगडासारखा ठेवायचा. एकाने नाक मुरडलं की शेजारी बसलेल्याची जीभ फितूर होते.

सर्दी असेल तर बसू नये हा नियम भिंतीवर आहे. माझ्या अक्षरात आहे. पण आमच्या पॅनेलवरची चष्मेवाली रजेवर, आणि साहेब म्हणाले, "मॅडम, अकराच माणसं आहेत. आकडा बाराचाच लागतो. बसा हो, तुमची जीभ सर्दीतसुद्धा इतरांपेक्षा बरी." फुगले आणि बसले. तुकडे इतके बारीक केलेले की आपल्या चार प्रकारांतलं कुठलं बिस्कीट आहे तेही मला कळलं नाही. मधल्या नंबराला गोल काढला. घरी येऊन वाफ घेतली.

१० मार्च, बुधवार

बारापैकी सात. फरक नाही. पॅनेलची प्रमुख म्हणून अहवालावर सही केली. अहवालावर नुसते नंबर, नमुना कुठला ते साहेबांच्या फाईलमध्ये. नाक अजून बंद.

१३ मार्च, शनिवार

आहारताईंकडे पहिली बैठक. भिंतीवर सात रंगांची ताटली, हातात बोलका ससा. ससा म्हणाला, "मी मटार खातो, तू खाशील?" बाईसाहेबांनी सशाचं तोंड उघडून आत पाहिलं. आत आहारताईंची बोटं. मग त्यांनी एक एक मटार उचलून सशाच्या तोंडात, म्हणजे ताईंच्या मुठीत, कोंबायला सुरुवात केली आणि पूर्ण वाटी संपवली. ताई म्हणाल्या, "बघा आई, किती छान सहभाग!" मी पुढच्या पानावर लिहिलं: मटार, एक वाटी, सशाने खाल्ले.

खरं सांगायचं तर त्या बाईंचा राग येत नाही. त्या निदान तिच्याशी बोलतात. बाकीचे तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात.

१७ मार्च, बुधवार

दूध गेलं.

सासूबाईंनी कुठूनशी ताकदीची पावडर आणली आणि सकाळच्या बाटलीत एक चमचा ढवळली. "एवढ्याशाने काय कळतंय तिला?" बाईसाहेबांनी एक घोट घेतला. झाकण नीट लावलं. बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि डब्याचंही झाकण लावलं. मी नवी बाटली आणली, नवं दूध, तेच पिवळं झाकण, तिच्यासमोर ओतलं. "हे दुसरं." मग दुधाकडे पाठ.

मी खूप बोलले. तुम्ही दूध नाही नासवलंत, तिचा विश्वास नासवलात, असंही म्हणाले. तेव्हा बरं वाटलं. सासूबाई भांडी घासत राहिल्या, घासलेलीच पुन्हा.

१८ मार्च, गुरुवार

दूध नाही. बिस्किटं अकरा. देवा, बिस्किटांना काही होऊ देऊ नकोस.

२२ मार्च, सोमवार

कारखान्यातून दर सोमवारी मी आठवड्याची पाकिटं आणते. आजही आणली. बाईसाहेबांनी नेहमीप्रमाणे टेबलावर अकरा बिस्किटं रांगेत लावली. पहिलं उचललं, नाकाजवळ नेलं. खाली ठेवलं.

"हे दुसरं."

दुसरं उचललं. "हे दुसरं." असं अकरा वेळा. प्रत्येकाला स्वतंत्र संधी दिली तिने. इतका न्याय आमच्या कारखान्यात कोणाला मिळत नाही. मी दुसरं पाकीट फोडलं, तिसरं फोडलं. मग ती दाराजवळ जाऊन उंबऱ्यावर बसली, तिची खरी बिस्किटं कोणीतरी घेऊन येईल म्हणून. दोन तास बसली होती.

मी एक खाल्लं. सर्दी गेलीय आता. पहिल्याच घासाला कळलं. तेल वेगळं आहे, मागाहून जिभेवर मेणासारखं बसतं. चौदा वर्षांचा अनुभव, आणि हे कळायला मला लेकीने नाकारावं लागलं.

२३ मार्च, मंगळवार

फाईल काढून पाहिली. नऊ मार्चची चाचणी. नमुना: गोल, कातरलेल्या कडेचं. बदल: तेल. वेगळा नमुना डावीकडचा होता. मी मधल्याला गोल काढला. मी बरोबर असते तर आठ झाले असते. आठ झाले असते तर जुनं तेल राहिलं असतं.

म्हणजे बारावी जीभ मी. अहवालाखाली सहीसुद्धा माझीच.

घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "तुला काय माहीत कुठलं बिस्कीट होतं ते." तेच तर! माहीत नसताना गोल काढला. लोकांना शिकवायचं आणि आपण तेच करायचं. सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी चमचाभर पावडर टाकली. तू टाकीभर तेलावर सही केलीस." माझंच वाक्य त्यांनी सहा दिवस जपून ठेवलं आणि वेळ आल्यावर परत केलं.

२४ मार्च, बुधवार

साहेबांसमोर उभी राहिले. सांगितलं की मला सर्दी होती, माझा गोल अंदाजाने काढलेला होता, चाचणी रद्द धरा, पुन्हा घ्या.

"मॅडम, टाक्या भरल्यात. नऊ दिवसांचा माल गेलाय."

"पण फरक आहे, साहेब. माझ्या मुलीने ओळखला."

ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "आपण काय एका सहा वर्षांच्या मुलीसाठी बिस्कीट बनवतो का?"

"पाकिटावर फोटो कोणाचा आहे?" मी म्हटलं. पाकिटावर एक सहा-सात वर्षांची मुलगी बिस्कीट हातात धरून हसते आहे. साहेबांनी पाकीट उलटं ठेवलं.

लेखी द्या म्हणाले, दिलं. जूनमध्ये पुन्हा चाचणी. आणि सर्दीत बसल्याबद्दल मला दोन महिने पॅनेलबाहेर काढलं. "तुमची जीभ जरा घरी ठेवा." ज्यांनी बसवलं, तेच. आता पाकिटांचे खोके मोजते. येताना माझ्या ताटल्या, नंबरांच्या चिठ्ठ्या आणि थुंकायची वाटी पिशवीत घालून आणली. ती माझी आहे, इतरांनी वापरलेली मला चालत नाही. चष्मेवाली म्हणाली, "एवढी कसली सोवळी गं तू!"

२६ मार्च, शुक्रवार

मधलं वजन. पंधरा किलो शंभर. आहारताईंनी ससा बाहेर काढला नाही.

२८ मार्च, रविवार

पाकिटावरच्या तारखेवरून जुनं तेल ओळखता येतं. पंधरा मार्चच्या आधीचं पाहिजे. नवरा आणि मी दुचाकीवरून सकाळपासून दुकानं पालथी घातली. दुकानदाराला म्हणायचं, सगळी पाकिटं काढा, आम्हाला जुनी पाहिजेत. एकाने विचारलं, "ताजी नकोत?" नकोत. "शिळी पाहिजेत?" हो. त्याने आतल्या माणसाला हाक मारून आम्हाला दाखवलं. चौथ्या दुकानात बाई म्हणाल्या, जुना माल कालच परत पाठवला, आमच्याकडे नियम फार कडक.

एकोणतीस दुकानं, तीन पाकिटं. एका पाकिटात सोळा. बाईसाहेबांनी वास घेतला आणि अकरा खाल्ली, बसल्या बसल्या, पाय हलवत. आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून एका मुलीचं चावणं ऐकत होतो.

१ एप्रिल, गुरुवार

जुनी चार उरली. त्यातलं एक आज मी चोरलं. तिच्या तोंडचा घास काढला असं सरळच लिहिते. मला बघायचं होतं की सर्दी नसती तर मी ओळखलं असतं का. दुपारी ती खिडकीत माशांशी होती. (मासे अजून आहेत. आता ते बोटाएवढे झालेत.) टेबलावर तीन ताटल्या मांडल्या, दोनांत जुन्याचे तुकडे, एकीत नव्याचा. डोळे मिटून फिरवाफिरव केली. चाखलं, थुंकलं, चूळ भरली.

डोळे उघडले तर बाईसाहेब समोर. हनुवटी टेबलावर. त्यांनी तिन्ही ताटल्यांवर नाक फिरवलं आणि एकीवर बोट ठेवलं.

"हे दुसरं."

बरोबर होतं! आणि ताटली लांब ढकलली नाही. नुसतं बोट ठेवलं. मी कागदावर गोल काढला. तिने गोलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं.

"थुंक," म्हणाली. मी थुंकले. पुन्हा थुंकायला लावलं. मग तिने नव्याचा तुकडा उचलून जिभेच्या टोकाला लावला आणि वाटीत व्यवस्थित थुंकली. चूळ भरली. पुन्हा थुंकली.

दहा दिवसांत पहिल्यांदा ते तिच्या जिभेला लागलं. मी चेहरा दगडासारखा ठेवला. त्यासाठी तर मला कामावर ठेवलंय.

३ एप्रिल, शनिवार

आता रोज दुपारी चाचणी. चिठ्ठ्या ती लावते, पेन्सिलीला टोक ती करते, वाटी उजवीकडेच पाहिजे. दोन जातीची सफरचंदं. दोन जागचे वेफर्स. आज पाव—एक कालचा, एक आजचा. पाव! या घरात तिने पाव पाहिला तरी खोली सोडायची. आज वास घेतला, दाताने कण काढला, थुंकला, गोल काढला. बरोबर.

इतकी वर्षं आम्ही तिला म्हणत होतो, खा. हे तोंडात घे म्हणजे आत गेलंच पाहिजे. परत काढायची परवानगी आहे असं तिला कोणीच सांगितलं नव्हतं. बिचारी सपातांत काढायची.

सासूबाई पॅनेलवर आल्यात. स्वतःहून आल्या. अट एकच, तोंडातून "खा" हा शब्द काढायचा नाही. "खा गं—" इतकं येतं आणि त्या पाणी पितात. तीनदा चाखून तीनदा चुकल्या. बाईसाहेबांनी त्यांच्या कागदावर तीन फुल्या मारल्या आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा आजीच्या मांडीला टेकून बसल्या. सासूबाई म्हणाल्या, उद्या पण मी चुकेन.

४ एप्रिल, रविवार

वाद झाला. जुनी जपायची म्हणून मी ताटल्या बदलल्या. दोनांत नवं, एकीत जुनं. म्हणजे वेगळं कुठलं? जुनं. नियमाने जुन्याला गोल. बाईसाहेबांनी दोन्ही नव्यांवर बोट ठेवलं. "हे दुसरं. हे पण दुसरं." मी म्हटलं, दुसरं एकच असतं. त्यांनी माझ्याकडे साहेबांसारखं पाहिलं आणि दोन गोल काढले.

त्यांच्या हिशेबात घरचं एकच. बाकी सगळं परकं, मग ते कितीही संख्येने असो.

५ एप्रिल, सोमवार

आहारताईंचा फोन. "आई, तुम्ही तिला थुंकायला शिकवताय?" हो म्हटलं, आणि आमच्याकडे प्रशिक्षित कर्मचारी आहेत असंही म्हटलं. मग म्हणाल्या, "चालू ठेवा. पण पोटात काही जायला हवं." हे मात्र त्या बरोबर बोलल्या.

७ एप्रिल, बुधवार

नवं बिस्कीट आता पूर्ण चावते. नीट, मन लावून, दोन्ही बाजूंनी. आणि सगळं वाटीत. मी वाटी धुते तेव्हा बघते, चावलेलं सगळं तिथेच असतं. गिळलेलं काही नाही. आज वाटी धुताना रडले. नळ मोठा सोडून रडले.

भात, सफरचंद, वेफर्स. एवढ्यावर दिवस.

९ एप्रिल, शुक्रवार

चौदा किलो नऊशे.

शंभर ग्रॅम! तेवढं एक सफरचंद असतं. डॉक्टरांना म्हटलं, काटा परत बघा. परत बघितला. चौदा नऊशे. चाचण्यांचं सांगितलं, पाव, कण, गोल. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, घड्याळ न बघता. मग म्हणाले, "मला पटतंय. पण तिचं शरीर थांबणार नाही. सोमवारी सकाळी नऊला या." मी भांडायच्या तयारीने गेले होते आणि भांडायला माणूसच मिळाला नाही.

परत आलो. इमारतीची लिफ्ट बंद होती. नवरा तिला कडेवर घेऊन चार मजले चढला. दुरुस्त करायला थांबला नाही.

१० एप्रिल, शनिवार

पिशवी भरली. लेबलं कापलेले शर्ट चार. तिची उशी. पिवळ्या झाकणाची बाटली, उगीच. सासूबाईंनी विचारलं, "गाजराचे मासे घ्यायचे?" मी हो म्हटलं. त्यांनी ते काड्यापेटीत कापूस घालून ठेवले, मोठा मासा आधी.

मला भीती वाटते. नळीची नाही. मी तिचे हात धरेन आणि ती माझ्याकडे बघेल, आणि मग मीसुद्धा तिला दुसरी वाटेन, याची.

डब्यात जुन्या बिस्किटाचा एक तुकडा शिल्लक आहे. नखाएवढा. उद्या तो वापरते. शेवटची चाचणी.

११ एप्रिल, रविवार

दोन ताटल्यांत नवं, एकीत तो तुकडा. दारावर काकू आल्या म्हणून मी पाच मिनिटं उठले. काकू नळीचंच विचारत होत्या.

परत आले तर बाईसाहेब टेबलावर नव्हत्या. कागद भरलेला. एकच गोल, जुन्याच्या नंबराभोवती. दुसरं ते.

तिन्ही ताटल्या रिकाम्या. सासूबाई धावत सपाता बघून आल्या. दोन्हीत हात घालून आल्या. काही नाही.

आतून पाकीट फाडल्याचा आवाज. कारखान्याचं, नवं. ती जमिनीवर रांग लावत बसली होती. मी दारातून मोजली. अकरा होती, मग दहा.

वाटी उचलून पाहिली. कोरडी.